उलट्या ढाळाचा फ्लॅट

खारबावचे पाहुणे आमचं घर बघायला आले, तेव्हा माझ्या हातात खिडकी होती.

खिडकीचा पडदा नव्हे की कडी नव्हे. अख्खी सरकती काच, अॅल्युमिनियमच्या चौकटीसकट! ती माझ्या हातात का होती हे सांगायचं, तर आधी आमच्या बिल्डिंगबद्दल सांगावं लागेल. आणि बिल्डिंगचा विषय निघाला की आमच्या घरात कोणी हसत नाही. तेव्हा तुम्हीही जरा गंभीर चेहरा करून बसा.

आमचे बाबा मूळचे अंबाडीच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला आले ते इथलेच झाले. माझा आणि ताईचा जन्म कारखान्यामागच्या चाळीतला. भिंतीच्या पलीकडे लूम, अलीकडे आम्ही. त्या खटखटाटात आमच्या घरी सगळेच ओरडून बोलत. प्रेमानं बोलायचं असलं तर जास्तच. त्यामुळे माझं लग्न जमेना. पाहुणे येत, मुलीची आई हळू आवाजात काहीतरी नाजूक विचारी, आणि आमची आई तितक्याच मायेनं किंचाळून उत्तर देई. पाहुणे दचकत, कशीबशी कपबशी खाली ठेवत आणि 'कळवतो' म्हणून निघून जात. 'कळवतो' म्हणून गेलेलं माणूस परत आलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

"ब्लॉक घ्या," मध्यस्थ सांगे. "आजकालच्या पोरी आधी ब्लॉक बघतात, मग पोरगा."

बाबांनी होतं नव्हतं ते मोडलं, मी बँकेच्या दारात उभा राहिलो आणि आम्ही ब्लॉक घेतला. चौथा मजला. बिल्डिंगच्या नावात 'पॅलेस' आहे. (फक्त नावातच आहे.) किल्ली मिळाली त्या दिवशी बाबांनी नवा सदरा घातला आणि उंबऱ्यावर नारळ फोडला. नारळ फुटला. उंबऱ्याची लादीही फुटली. आम्ही शुभशकुन समजून टाळ्या वाजवल्या!

पहिल्याच आंघोळीला खरं कळलं. बाथरूमचा ढाळ उलटा होता. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येई, दारातून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून थेट हॉलमध्ये, घरचं माणूस असल्यासारखं. जो ढाळ बाथरूमला द्यायचा, तो मिस्त्रींनी स्वयंपाकघरातल्या ओट्याला दिला होता. ओट्यावर चहाचा कप ठेवला की तो आपणहून सिंककडे निघायचा. हॉलच्या मधोमध एक लादी पोकळ होती. एका टोकाला पाय दिला की दुसरं टोक उचललं जाई आणि 'डब्ब' असा आवाज येई. बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागेच, पण दारावरची बेलही वाजे. भिंतीला एक तडा होता, त्यावर आम्ही कॅलेंडर लावलं. तडा खाली असल्यामुळे कॅलेंडरही खालीच. आमच्याकडे तारीख बघायची तर मांडी घालून बसावं लागे. आणि हॉलची खिडकी! तिची काच रुळात बसतच नव्हती. कोणी धरून ठेवली तर उभी राही, सोडली की घरात येई.

बाबा तक्रार घेऊन बिल्डरशेठच्या ऑफिसात जात. शेठ माणूस गोड. बाबांना खुर्ची देई, चहा मागवी, आणि म्हणे, "काका, टेन्शन नको. नवीन बिल्डिंग आहे. सेट व्हायला टाइम लागतो."

बाबा चहा पिऊन परत येत आणि आईला सांगत, "सेट होते हाय म्हनं."

"कवा होनार?" आई विचारी.

"टाइम लागतो."

एकदा मी घरी आलो तेव्हा बाबा त्या पोकळ लादीपाशी उभे होते. पायाच्या अंगठ्यानं ती हळूच दाबत होते. डब्ब. थोडं थांबून पुन्हा, डब्ब. मला बघून म्हणाले, "पव्या, जलमभर लूमवर उभा ऱ्हायलो रे. कापडात एक धागा तुटला तरी मशीन थांबवून जोडायचो. आनि घर घेतला तो असा." मी म्हणालो, "होईल सेट." त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला.

तर अशा या घरात खारबावचं स्थळ येणार होतं. मुलीचं नाव स्नेहल. लॅबमध्ये कामाला, दिवसभर लोकांचं रक्त काढायची. मी तिला तिच्या घरी भेटलो होतो. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात काम कोण करतं?" मी म्हणालो, "सगळेच." ती म्हणाली, "बघू." तेवढ्यावर ती मला मनापासून आवडली. तिशी ओलांडलेल्या माणसाला कोणी इतकं आवडलं की त्याला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटते. हे स्थळ हातचं गेलं तर पुढचं कधी येईल, ते बिल्डिंग सेट होण्याइतकंच अनिश्चित होतं.

मुलगा पसंत झाला की मुलीकडची मोठी माणसं घर बघायला येतात, ही आमच्याकडची रीत. मुलगी येत नाही. पण निरोप आला, की स्नेहलही येणार आहे. "राहायचं मला आहे, तर बघणार मी," असं म्हणाली म्हणे.

आता पाचावर धारण बसली. तेव्हा पुढे सरसावले ते दाजी.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनवर सिक्युरिटी सुपरवायझर. (मीही वळ गावातच, दुसऱ्या गोडाऊनमध्ये बिलिंगला. पण दाजी युनिफॉर्म घालतात, त्यामुळे घरात त्यांचंच चालतं.) त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळ्या फ्लॅटचा राउंड मारला आणि आम्हाला हॉलमध्ये ओळीनं उभं केलं.

"हे बघा, रिपेरिंगला टाइम नाय. मग काय करायचं? माणूस लावायचा! जिथं फॉल्ट तिथं पॉइंट, जिथं पॉइंट तिथं माणूस. बाबा, तुम्ही हॉलच्या लादीवर. सतरंजी टाकून बसायचं, म्हणजे कोणाचा पाय पडायचा नाय. आई ओट्यावर, कप धरून. ताई स्विचबोर्डपाशी, बाथरूमचं बटण कोणालाच दाबू द्यायचं नाय. पव्या, तू खिडकी."

"आणि तुम्ही?"

"मी मोबाइल ड्युटीवर! आणि एक लक्षात ठेवा. पॉइंट सोडायचा नाय. काय वाट्टेल ते होऊ दे, मी सांगितल्याबिगर जागचं हलायचं नाय!"

बाबा म्हणाले, "मी खोटा न्हाय बोलनार. सांगून ठेवतो."

"बोलायचं कुठाय, बाबा? नुसतं बसायचंय."

बाबांनी विचार केला. नुसतं बसण्यात खोटं काही नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते सतरंजी आणायला गेले.

रविवारी एक अख्खी इको व्हॅन भरून पाहुणे आले. पुढे स्नेहलचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणत. खारबावचे भातशेतीवाले, पांढऱ्या मिशा, आणि चेहरा असा की जन्मात कधी हसले असतील यावर विश्वास बसू नये. मागून काका, काकू, मामा, मामी. सगळ्यात शेवटी स्नेहल.

दाजींनी दार उघडलं. "या, या, या!"

पाहुणे आत आले. आणि आमच्यातलं कोणीही उठलं नाही!

म्हणजे बघा. घरी पाहुणे आल्यावर यजमानानं उठून सामोरं जायचं, हात धरून बसवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. बाबा मात्र हॉलच्या मधोमध मांडी घालून बसल्या बसल्याच म्हणाले, "राम राम, पाव्हनं." जागचे इंचभर हलले नाहीत. ताई स्विचबोर्डला पाठ लावून उभी होती, भिंतीत चिणल्यासारखी. तिनं तिथूनच मान लववली. आईचा आतून नुसता आवाज आला, "बसा हां! मी हातातला सोडून येऊ न्हाय शकत!" (जुन्या सवयीनं किंचाळून. मामी दचकल्या.) आणि मी हात उंच करून खिडकी धरून उभा, एसटीत जागा न मिळालेल्या माणसासारखा.

तात्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि न बोलता सोफ्यावर बसले.

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बसा ना."

"मला उभं राहायला आवडतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. लॅबमध्ये पेशंटचा रिपोर्ट वाचताना ती असाच चेहरा करत असणार!

मामांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. "गरम होते हाय. पोरा, जरा खिडकी उघड की."

"बाहेर धूळ आहे," मी म्हणालो. भिवंडीत हे उत्तर कधीच चुकत नाही. मामांनी मान डोलावली. दाजींनी मला लांबूनच डोळ्यानं शाबासकी दिली. चहा आला, कप एकही सांडला नाही. बाबा आणि तात्या भाताबद्दल बोलायला लागले. मला वाटलं, जमलं! असंच आणखी थोडा वेळ प्रत्येकानं आपापला फॉल्ट दाबून धरला, तर लग्नसुद्धा होऊन जाईल.

आणि दारातून आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती यायची होती अंबाडीहून, आणि वाटेत गाडी अडकल्यामुळे दाजींची मीटिंग चुकवून थेट कार्यक्रमालाच पोचली. तिला पॉइंट नव्हता. तिला फॉल्टही ठाऊक नव्हते. तिनं डोक्यावरची भाजीची पाटी खाली ठेवली, पाहुण्यांकडे बघितलं, मग पाहुण्यांच्या पायांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो माझे आय! पाव्हण्यांना पायाव पानी न्हाय दिला?"

आम्ही सगळे पांढरेफटक पडलो. लादी आठवली, बेल आठवली, खिडकी आठवली, ओटा आठवला. पण आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घालायचं, ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत, ती मात्र साफ विसरलो! गावात अंगणात बादली आणि तांब्या असतो. पाय धुतलेलं पाणी अंगणातल्या अळवाला जातं. इथे अंगण कुठलं? इथे बाथरूम.

"आत्या, राहू दे," दाजी पुढे झाले, "आजकाल नाय कोणी..."

"गप ऱ्हा रं! ब्लॉकात आलाव म्हून काय माणुसकी इकलीव? उठा पाव्हनं, उठा. लांबून धुळीतून आलाव."

तात्या उठले. बिचाऱ्यांना बरं वाटलं असावं. घरात शिरल्यापासून रीतीला धरून घडलेली ती पहिलीच गोष्ट होती. आत्या त्यांना घेऊन बाथरूमपाशी गेली आणि ताईला म्हणाली, "बाजूला हो गो, दिवा लावतो."

"आत्या, दिवा नको..."

"काळोखात पाव्हना पाडतेस का?"

आत्यानं ताईला खांद्यानं ढकललं आणि बटण दाबलं. टिंग टाँग!

मामींनी उठून दार उघडलं. बाहेर कोणी नाही. दार लावलं. तात्या पाय धुऊन आले, आत्यानं काटकसरीनं दिवा बंद केला. काका गेले, आत्यानं दिवा लावला. टिंग टाँग! मामींनी दार उघडलं. कोणी नाही.

"पोरं करत असतील," दाजी म्हणाले.

काकू गेल्या. टिंग टाँग! मामा गेले. टिंग टाँग! आत्या प्रत्येकाच्या पायावर भरभरून पाणी ओतत होती. भावाच्या घरी पाण्याची कमी नाही, हे खारबावला दिसलं पाहिजे ना!

मी खिडकीपाशी उभा असल्यामुळे मला ते सगळ्यात आधी दिसलं. पॅसेजच्या कोपऱ्यातून पाणी आलं. आधी एक बारीक ओघळ, भिंतीच्या कडेकडेनं. मग त्यानं वळण घेतलं आणि रुंद होऊन हॉलकडे निघालं. मी दाजींना भुवयांनी खूण केली. दाजींनी ताईला केली. ताईनं आपल्या पायाखाली बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पण जागचं कोणी हललं नाही. पॉइंट सोडायचा नव्हता!

पाणी कॅलेंडरच्या खालून गेलं, सोफ्याला वळसा घालून हॉलच्या मध्यावर आलं आणि सतरंजीत शिरलं. सतरंजीवर बाबा होते.

पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं तो क्षण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. डोळे एकदाच मोठे झाले. मग पूर्ववत. त्यांनी मांडी मोडली नाही. धोतर खालून भिजत वर चढत होतं, आणि बाबा ताठ बसून तात्यांना विचारत होते, "औंदा शेतात पानी कसा काय?"

"हाय बरा," तात्या म्हणाले.

"पानी पायजेच," बाबा म्हणाले.

मला हसावं की रडावं ते कळेना. जो माणूस आयुष्यभर एक खोटा शब्द बोलला नाही, तो माझ्यासाठी गार पाण्यात बसून भाताच्या गप्पा मारत होता. डोळे पुसावेत तर हात खिडकीत अडकलेले.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. या वेळी मामी उठल्या नाहीत. त्यांना वाटलं, कोणीतरी पाय धुतंय. पुन्हा वाजली. मग दारावर धडाधड थापा पडल्या. दाजींनी दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरचे अन्सारीचाचा. लूम दुरुस्त करणारे जॉबर आहेत. टोपी भिजलेली, दाढीतून पाणी ठिबकतंय.

"अरे पव्या बेटा! ऊपर शादी है क्या? नीचे पूरी बरसात हो रही है! मैं नमाज़ के लिए हाथ-मुँह धोने, वुज़ू करने जा रहा था, बाहर आते आते पूरा वुज़ू हो गया!"

मग त्यांना पाहुणे दिसले. चाचा चार पोरींचे बाप. काय चाललंय ते त्यांनी एका नजरेत ओळखलं, आणि आम्हाला सांभाळून घ्यायला तात्यांकडे वळून म्हणाले, "माशाल्लाह! बहुत शरीफ लोग हैं, साहब. लड़का तो हीरा है, हीरा! बस मकान का मत पूछो."

आता हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की स्वयंपाकघरात एक कप ओट्यावरून सिंककडे निघाल्याचं ऐकू आलं. तो सिंकमध्ये पडून फुटल्याचंही ऐकू आलं.

स्नेहल उठली. तिनं ड्रेस जरा वर धरला, पाण्यातून बाबांपाशी गेली आणि वाकून म्हणाली, "बाबा, उठा. सगळे भिजलात तुम्ही."

"न्हाय पोरी," बाबा म्हणाले, "मी बरा हाय हिते."

"उठा ना."

बाबांनी दाजींकडे पाहिलं. दाजी छताकडे बघत होते. मग स्नेहल माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, पण ज्यांची शीर सापडत नाही त्या पेशंटशी ती बोलत असेल तसा होता.

"अहो, तुमचे वडील पाण्यात बसलेत. तुम्ही जरा त्यांना हात द्याल का?"

"मला येता येत नाही," मी म्हणालो.

"का?"

"माझ्या हातात खिडकी आहे."

एवढं बोललो आणि मला माझंच इतकं वाईट वाटलं, की मी एक हात सोडून बाबांच्या दिशेनं पुढे केला. व्हायचं तेच झालं. खिडकी खाडकन रुळातून सुटली आणि आत आली. मी ती कवेत झेलली. काच फुटली नाही, हे बिल्डरशेठचं नव्हे, माझं कौतुक! पण आता मी खारबावच्या सगळ्या मंडळींसमोर एक अख्खी खिडकी छातीशी धरून उभा होतो, आणि तिच्या काचेतून सगळ्यांना दिसत होतो.

बाबा उठले. लादी 'डब्ब' वाजली. धोतरातून पाणी गळत होतं. त्यांनी हात जोडले.

"पाव्हनं, आता झाकून काय उपेग न्हाय. बघा, घर असा हाय. लादी वाजते, पानी उलटा येतं, खिडकी ऱ्हात न्हाय. घर दुसऱ्यानी बांधलेला मी घेतला, त्यात फसलो." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पोरगा मी वाढवला. त्यात न्हाय फसलो."

मी खिडकीमागे रडत होतो. (काच असल्यामुळे तेही दिसलं.)

तात्या उठले. चप्पल घातली. दारात क्षणभर थांबून म्हणाले, "कळवतो."

संपलं. त्या शब्दाचा अर्थ माझ्याइतका भिवंडीत कोणाला ठाऊक नसेल! पाहुणे गेल्यावर आम्ही न बोलता पाणी काढत बसलो. अन्सारीचाचाही वायपर घेऊन आले. आत्या एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून म्हणत होती, "मना काय म्हाईत रं, पानी घरात येतं? मी आपली रीत केली." तिला कोणी बोल लावला नाही. चूक तिची नव्हतीच. बाबा ओलं धोतर बदलायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढचे काही दिवस घरात कोणी स्नेहलचं नाव काढलं नाही. मी गोडाऊनमध्ये बिलांत चुका करू लागलो.

आणि मग एका सकाळी बेल वाजली. ताई माहेरी आली होती, ती आतून ओरडली, "बाथरूममध्ये कोण आहे?" कोणीच नव्हतं. मी दार उघडलं. बाहेर तात्या! बरोबर त्यांच्या गावचा गवंडी, त्याच्या खांद्यावर घमेलं आणि थापी.

तात्यांनी चप्पल काढली, पाय पुसले आणि बाबांना म्हणाले, "आधी बाथरूम फोडू. मग लग्नाचा बोलू. माझी पोर रोज वायपर मारायला न्हाय देनार मी."

बाबा उठले. त्यांनी पुढे होऊन तात्यांचा हात धरला आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. या वेळी उठून सामोरे गेले होते. पॉइंटवर नव्हते ना!

काम सुरू झालं. गवंड्यानं हॉलची ती लादी उचलली, तर खाली सिमेंटच्या जागी रेती, गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल निघाली. डाव्या पायाची. बाबा त्या चपलेकडे बराच वेळ बघत राहिले. "हिच्यावर बसलो होतो मी," एवढंच म्हणाले. मग कधी नव्हे ते हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. आईनं ती चप्पल दारावर टांगली. दृष्ट लागू नये म्हणून.

मी रोज कामावरून आलो की गवंड्याच्या मागे उभा राहून व्याख्यान देत असे. काम करावं तर मनापासून! हाताखालून गेलेली वस्तू पिढीभर हलली नाही पाहिजे! आजकाल लोकांना कामाची लाजच उरलेली नाही! गवंडी मुकाट्यानं ऐके. एकदाच म्हणाला, "दादा, उजेडातून बाजूला व्हा."

लग्न झालं. पुढे एकदा मी स्नेहलला विचारलं, "त्या दिवशी एवढं सगळं बघूनही तू हो कसं म्हणालीस?"

ती म्हणाली, "घर वाहत होतं आणि तुमचे बाबा पाण्यात बसून माझ्या वडलांची विचारपूस करत होते. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ रेटेना."

"आणि मी?"

"तुम्ही खिडकी तरी सोडली नाही," ती म्हणाली. यापेक्षा जास्त कौतुक तिनं अजून केलेलं नाही.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला सगळे पुन्हा आमच्या घरी जमले. तात्या, मामा, मामी, आत्या, दाजी, वरून अन्सारीचाचा. (म्हणजे खालून.) आत्यानं सगळ्यांच्या पायावर मनसोक्त पाणी घातलं आणि पाण्यानं निमूट जाळीची वाट धरली. बेल वाजली नाही. कप ओट्यावर जिथे ठेवले तिथेच राहिले. भिंतीवर तात्यांनी आहेरात दिलेलं भलंमोठं घड्याळ होतं. त्याला मात्र मी गवंड्याचा हात लागू दिला नव्हता. सासऱ्यांचा आहेर, तो जावयानंच लावायचा! सकाळीच मी स्वतः, माझ्या हातांनी ते लावलं होतं.

कथा संपली. प्रसाद वाटला. आणि तात्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी सवयीनं खिडकीपाशी उभा होतो, हात वर, काच धरून.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "सोडा आता ती. न्हाय पडत."

मी आधी एक हात काढला. मग दुसरा. आम्ही सगळे खिडकीकडे बघत राहिलो. खिडकी हलली नाही! बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तात्या चक्क हसले. अन्सारीचाचा म्हणाले, "माशाल्लाह!"

आणि माझ्यामागे धाडकन आवाज झाला.

घड्याळ जमिनीवर होतं. खिळ्यासकट. खिळ्याभोवतीच्या ताटाएवढ्या प्लास्टरसकट. काच सतरंजीभर पसरली होती.

स्नेहल माझ्याकडे बघत होती. तात्यांचं हसू मिशीत परत गेलं होतं. शेवटी बाबांनी, पोरगा वाढवण्यात न फसलेल्या माझ्या बाबांनी, शांतपणे विचारलं, "पव्या, खिळा कोनी ठोकला होता?"

मी कॅलेंडरकडे बघितलं, दाराला टांगलेल्या चपलेकडे बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालो,

"नवीन खिळा आहे, बाबा. सेट व्हायला टाइम लागतो."